आ-लिएनने लावलेला कौल

तैवानमधल्या ताइनानला माजूदेवीच्या देवळामागच्या गल्लीत आ-लिएनचं न्याहारीचं दुकान आहे. पहाटे साडेचारला तिचा तवा तापतो, अकराला उतरतो, आणि मधल्या वेळात सबंध गल्लीची खबरबात तिच्यापुढून जाते. कुणाला अंड्याच्या पोळीत कांद्याची पात चालत नाही, कुणाची सून रुसून माहेरी गेलीय, कुणाच्या पोराला नोकरी लागलीय, सगळं तिला ठाऊक. बाई साठीला आली, पण मनगटं अजून पैलवानाची. जीभही तशीच. एरवी कुणी तिच्या वाटेला जात नाही, अडीनडीला मात्र सगळे तिच्याकडेच धावतात, आणि ती कुणाला परत पाठवत नाही. वाईट बाई नव्हेच ती.

फक्त तिला धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा. दाढदुखीसारखा हेवा. कामात असली की विसरायची, आणि कुणी काही गोड पुढे केलं की लागलीच ठणका सुरू.

धाकटी पेई-चन तीस वर्षांपूर्वी ओकुमुरा नावाच्या जपानी माणसाशी लग्न करून क्योटोला गेली. वडील त्याच्या थोडंच आधी वारले होते. आई राहिली आ-लिएनकडे. आईचे गुडघे, आईचा रक्तदाब, एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं झालेलं ऑपरेशन, दुसऱ्या डोळ्याचं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत टाळलेलं ऑपरेशन, हे सगळं आ-लिएनकडे राहिलं. पेई-चनकडून वर्षातून दोनदा एक खोकं यायचं. त्यात गुडघ्याला चिकटवायच्या पट्ट्या, मऊ मोजे आणि चहाचा डबा. आणि दर नोव्हेंबरात फोटो यायचे, लाल पानांचे.

आई, म्हणजे गल्लीची सिआ आजी, वय वर्षं त्र्याऐंशी, दुकानाच्या तोंडाशी स्टुलावर बसून लसूण सोलायची आणि येईल त्याच्या नाकासमोर फोन धरायची. स्वतःला त्यात धड दिसायचं नाही, पण हौस दांडगी.

“बघा, माझी धाकटी. क्योटोला असते. पानं बघा कशी लालभडक! घराच्या दारातच झाडं आहेत तिच्या.”

“आणि या कोण?” एखादं नवं गिऱ्हाईक तव्याकडे बोट दाखवून विचारायचं.

“ही? ही आ-लिएन.”

संपलं. तीस वर्षं उसाभर केली त्याची एवढीच ओळख. आ-लिएन पोळी अशी आपटून उलटवायची की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं.

त्या वर्षी मात्र सप्टेंबरातच पेई-चनचा फोन आला.

“ताई, यंदा आईला घेऊन याच. तिची नजर आणखी जायच्या आत तिला एकदा पानं दाखवू. तू नि भावोजी आठवडाभर राहा. आणि आईला मी पुढे तीन महिने ठेवून घेते. तुलाही जरा विसावा.”

“मी मागितलाय का विसावा?”

“तसं नाही गं. पण माझीही आईच आहे ना ती?”

आ-लिएनने फोन ठेवला आणि त्या दिवशी चार पोळ्या करपवल्या. नवरा आ-तेक समोर बसून न्याहारी करत होता. देवीच्या मिरवणुकीत हा माणूस सगळ्यांत मोठा ढोल बडवतो, घरात मात्र त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही.

“ऐकलंत? तीन महिने म्हणे! तीन महिन्यांत ती आईला गरम पाण्याच्या कुंडात बसवणार, मऊमऊ भरवणार, झालं, आई तिथलीच. मग मी काय करायचं? रिकाम्या स्टुलाकडे बघत बसायचं?”

“अगं, आई म्हणजे काय ट्रंक आहे, कुणीही उचलून न्यायला?”

“तुम्ही खा गुपचूप. तुमची बहीण असती परदेशात म्हणजे कळलं असतं.”

तिला जपानला जायला हरकत नव्हती. आईने पानं पाहायलाही हरकत नव्हती. तिला एकच भीती होती, की गेलेली आई परत येणार नाही. आली तरी मनाने येणार नाही.

पेई-चनने तारीख कळवली: पंचवीस नोव्हेंबर. तिकडे पानं कधी लाल होणार ते रोज बातम्यांत सांगतात, पावसाचं सांगावं तसं. “वीस तारखेच्या आत अजिबात येऊ नका हं,” तिने तीनदा बजावलं, “सगळं हिरवंगार असतं.” पण सिआ आजीच्या घरात बातम्यांवरून तारीख ठरत नाही. आधी पंचांग बघायचं आणि मग माजूदेवीचा कौल घ्यायचा. आजीला देवळाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून कौल लावायला आ-लिएन गेली.

कौलाचे दोन लाकडी तुकडे असतात, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. मनात प्रश्न विचारायचा आणि ते जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला की देवी हो म्हणाली. दोन्ही पालथे पडले की नाही. दोन्ही उताणे पडले तर देवी हसतेय, पुन्हा विचार. मोठ्या कामाला सलग तीनदा हो यावं लागतं.

आ-लिएनने पंचवीस तारखेचं विचारलं. हो. परत टाकले. हो. तिसऱ्यांदा टाकताना तिने मुद्दाम हात वाकडा केला. तरी हो.

मग तिने आठ नोव्हेंबरचं विचारलं. नाही. पुन्हा विचारलं, देवी हसली. पुन्हा विचारलं, नाही.

आ-लिएनने देवीच्या धुराने काळ्या झालेल्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. “तुला काय जातंय? तुझी आई कुणी नेत नाहीये,” असं पुटपुटली, कौल जागेवर ठेवले आणि घरी आली.

“काय म्हणाली देवी?” आईने विचारलं.

“आठ तारीख.”

“सलग तीनदा?”

“सलग तीनदा.”

आईने हात जोडले. पलीकडून पेई-चन फोनवर ओरडली, रडकुंडीला आली, पण आजी बधली नाही. “तुझ्या बातम्यांपेक्षा देवीला जास्त कळतं,” म्हणाली. आ-लिएन शेजारीच लसूण सोलत होती. पानं हिरवी असणार, आईचा हिरमोड होणार, थंडी बाधणार, आठ दिवसांत आईच म्हणणार, चल बाई घरी. असा सगळा बेत. हे हलकटपणाचं आहे हे तिला कळत होतं. पण पोटात आग पडलेली असली की कळून फारसा उपयोग होत नाही.

विमानतळावरच पहिला फटका बसला. आईला आणि पेई-चनला लहानपणापासून आवडणारी डुकराच्या मटणाची सुकवलेली सॉसेजं आ-लिएनने आठवडाभर राबून केली होती, पेई-चनच्या मऊमऊ खाण्याला तोडीस तोड म्हणून. क्योटोला जायच्या आधीच एक काळं कुत्रं बॅगेपाशी येऊन शांतपणे बसलं आणि अधिकाऱ्याने सगळी चळत काढून घेतली. जपानात बाहेरचं मटण चालत नाही.

“ताई, मी सांगितलं होतं ना,” बाहेर घ्यायला आलेली पेई-चन म्हणाली.

त्या आठवड्यात हे वाक्य आ-लिएनने किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही.

कारण पानं खरोखरच हिरवी होती. नदीकाठाला हिरवी, देवळात हिरवी, पेई-चनच्या दारातली तर नुकतीच धुतल्यासारखी हिरवी. आई काठी टेकत झाडाखाली उभी राहायची, मान वर करायची. “आहेत कुठे गं लाल?” आणि आ-लिएन पुढे होऊन म्हणायची, “नाहीत आई. झाडं काय, आपल्या शाळेजवळही आहेत की अशी.” आत कुठेतरी तिला गुदगुल्या व्हायच्या.

पण त्या गुदगुल्या घरी आल्यावर मरायच्या. पेई-चनकडे एक बुटकं टेबल होतं, त्याच्यावर जाड रजई आणि खाली शेगडी. आईने पहिल्याच संध्याकाळी दुखरे गुडघे त्या रजईत सरकवले आणि “आहाऽऽ” असा सुस्कारा सोडला. आ-लिएन ताटं पुसत होती. तीस वर्षांत आईने आपल्या घरात असा सुस्कारा कधी सोडला होता का, हे ती आठवत बसली. आठवला नाही.

“ताई, बघ कशी खूश आहे आई,” पेई-चन म्हणाली. चांगल्या मनाने म्हणाली, तेच आ-लिएनला जास्त झोंबलं.

“दिसतंय मला. मोतीबिंदू आईला आहे, मला नाही.”

चौथ्या दिवशी ओकुमुराने घोळ घातला. तो मुळातच कमी बोलणारा, त्यात तैवानी भाषा मोडकीतोडकी. सासूबाईंचा उतरलेला चेहरा तीन दिवस बघून त्याने न्याहारीच्या वेळी कान खाजवला आणि आकाशाकडे बोट दाखवलं. “डोंगर. वर थंडी. वर लाल.”

“अगं बाई, हिएइचा डोंगर!” पेई-चनने कपाळावर हात मारला. “वर दोन आठवडे आधीच रंग चढतो. माझ्या कसं लक्षात आलं नाही!”

“एवढी नागमोडी वाट, आईला गाडी लागेल,” आ-लिएन म्हणाली.

“लागू दे लागली तर,” आई म्हणाली आणि मोजे घालायला लागली. आ-तेकनेही निमूटपणे कोट चढवला.

आईला गाडी लागली नाही. आ-लिएनला लागली. दोन वळणांवर उतरून ती रस्त्याकडेला वाकली, आणि पेई-चन तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “ताई, गोळी घ्यायची होतीस ना निघताना.”

वर देवळाचं मोठं आवार होतं. गाडीतून उतरल्यावर सगळे जागच्या जागी थांबले. उतारावरची झाडं पेटल्यासारखी लाल होती, वाटेवर, छपरांवर, दगडी दिव्यांवर पानांचा थर. वारा आला की आणखी पडत होती.

आईने डोळे बारीक केले, मग मोठे केले. “दिसतंय!” ती ओरडली. “अगं, मला लाल दिसतंय!” आणि तिने बाजूला हात टाकून घट्ट धरला तो पेई-चनचा. पेई-चन चांगल्या डोळ्याच्या बाजूला होती. आ-लिएन होती मोतीबिंदूच्या बाजूला, आईची पिशवी आणि पाण्याची बाटली सांभाळत. त्या दोघी एकमेकींना धरून रडत-हसत होत्या. आ-लिएनला असं वाटलं, की सगळी झाडं एका रात्रीत बोडकी व्हावीत. खरंच वाटलं, लपवायचं कशाला.

थोड्या वेळाने आई दमून बाकावर बसली. ओकुमुरा आ-तेकला मोठी घंटा दाखवायला घेऊन गेला. पेई-चन म्हणाली, मी सगळ्यांना गरम चहा आणते. ती वळणापलीकडे गेल्याबरोबर आईने आ-लिएनची बाही ओढली.

“बस इथे. माझ्या पिशवीतला लाल रुमाल काढ.”

रुमालात माजूदेवीच्या अंगाऱ्याची पुडी होती आणि कौलाचे दोन चिमुकले तुकडे. आईने पुडी बाकावर ठेवली, घराच्या दिशेचा अंदाज घेऊन तोंड वळवलं आणि हात जोडले.

“मी मनात विचारते. तू टाक. तुझ्या हाताला देवी पावते, तारखेला सलग तीनदा हो आला होता. काय पडलं ते सांग, मला एवढं बारीक दिसायचं नाही.”

“पण विचारतेयस काय?”

“देवीला विचारायचं ते तुला कशाला सांगू? टाक.”

सांगायची गरजच नव्हती. आ-लिएनला प्रश्न लख्ख माहीत होता. इथे राहू का? दुसरा कोणता प्रश्न असणार? पानं पाहिली, ऊबदार टेबल मिळालं, लाडकीचा हात मिळाला. आता देवीचा होकार तेवढा बाकी.

तिने वाकून पानं बाजूला सारली आणि फरशीवर कौल टाकले. एक उताणा, एक पालथा. हो.

“काय गं?”

“हसली देवी,” आ-लिएन म्हणाली.

आईने पुन्हा डोळे मिटले, ओठ हलले. आ-लिएनने टाकले. एक उताणा, एक पालथा.

“परत हसली.”

“असं कसं?” आई अस्वस्थ झाली. “नीट टाक. उंचावरून टाक.”

एवढ्या थंडीत आ-लिएनच्या पाठीला घाम सुटला होता. तिने हात छातीपर्यंत नेला आणि टाकले. एक तुकडा गरगरत लांब गेला, थांबला. उताणा. दुसरा तिच्या बुटापाशी पालथा पडलेला होताच. सलग तीनदा. ताइनानहून समुद्र ओलांडून देवी इथे डोंगरावर आली होती आणि तिच्या तोंडावर सांगत होती, हो, हो, हो.

वळणावर अजून कुणी दिसत नव्हतं. आ-लिएनने दोन्ही तुकडे पटकन उचलून मुठीत धरले.

“नाही म्हणते, आई.”

“नाही?”

“साफ नाही.”

आईने रुमाल मांडीवर पसरला, पुडी त्यात ठेवली, आ-लिएनच्या मुठीतून कौल घेऊन ठेवले आणि एकेक टोक सावकाश दुमडलं. तिचा चेहरा इतका पडला होता की आ-लिएनला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

“बरं,” आई म्हणाली. “मग राहते इथे.”

“म्हणजे?”

“तेच विचारलं होतं मी. आ-लिएनबरोबर घरी परत जाऊ का?” आई समोरच्या लाल झाडांकडे बघत होती. “पेई-चन गळ घालते बिचारी, तीन महिने, तीन महिने. पण पानं पाहून झाली. माझं सगळं तिकडेच आहे गं. सकाळी तुझ्या उलथण्याचा खणखणाट ऐकला नाही तर मला दिवस उगवल्यासारखाच वाटत नाही. देवी हो म्हणेल, असंच धरून चालले होते. पण ती नाही म्हणते, तर तिच्या मनात काही असेल.”

देवीने तीनदा सांगितलं होतं, घेऊन जा आईला घरी. तीनदा. आणि तिनेच आपल्या तोंडाने ते पुसून टाकलं होतं.

“आई, अगं ऐक—”

“माहीत आहे, तुला लागलं असणार.” आईने तिच्या मनगटावर हात ठेवला. “म्हणून तर तुला प्रश्न सांगितला नाही. सांगितला असता तर तुला मोह पडला असता, कौल ‘नाही’ पडला तरी हो म्हणून सांगावंसं वाटलं असतं. माणूस आहेस. मला तुला त्या पापात ढकलायचं नव्हतं. आता कसं, तू खरं ते सांगितलंस आणि मोकळी झालीस.”

आज खोटं बोलले म्हणावं, तर लगोलग आठ तारखेचं निघणार. आणि ते निघालं, की आईला ही हिरवी पानं कुणी दाखवली तेही निघणार. आ-लिएन शब्द जुळवत होती तेवढ्यात वळणावरून पेई-चन गरम चहाचे पत्र्याचे बंद डबे छातीशी धरून आली. आईने तिला दोन वाक्यांत सांगितलं. पेई-चनने डबे बाकावर टाकले आणि आईला सोडून बहिणीच्याच गळ्यात पडली.

“ताई! तुझ्या हातून कौल आला? तुझ्या हातून?”

“हो,” आ-लिएन म्हणाली.

“तुला चालेल ना पण? खरं सांग.”

“देवीपुढे माझं काय चालतंय,” आ-लिएन म्हणाली, आणि चहाचा डबा उघडताना तिचं बोट कापलं.

निघायच्या दिवशी आ-लिएनने पेई-चनला समोर बसवून सगळं पढवलं. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, आधी नाही. भात मऊ, पण पेज नको, पेज म्हटली की ती आजारी असल्यासारखी वागते. नहाणीत पाय घसरतो. डॉक्टरांना खोटं सांगते, म्हणून बरोबर आत जायचं. पेई-चन वहीत लिहून घेत होती, मान खाली घालून, शाळेतल्यासारखी.

एक गोष्ट आ-लिएनने सांगितली नाही. वडील गेल्यापासून आईला एकटीला झोप येत नसे. कुणीतरी पायाशी बसून तिची डावी टाच मुठीत धरावी लागायची, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, श्वास जड होईपर्यंत. तीस वर्षं आ-लिएन हे करत आली होती. या आठवड्यातही तिनेच केलं होतं, दार लावून. पेई-चनला याची गंधवार्ता नव्हती. वही मिटेपर्यंत आ-लिएन गप्प राहिली. चार-पाच रात्री आई तळमळेल, मग फोन येईल, ये गं मला न्यायला. मग जाऊ, तिने ठरवलं.

फोन आला तो पंचवीस तारखेला, दुकानात ऐन गर्दीच्या वेळी. आ-लिएनने तवा तसाच सोडून उचलला.

“अगं, आज इथे खालीसुद्धा सगळं लाल झालंय,” आई ओरडून सांगत होती. “दारातलं झाड तर काय सांगू! मला खिडकीतून दिसतं.”

“ते असू दे. झोप लागते का?”

“झोप?” आई म्हणाली. “झोपेचं काय विचारतेस! पाठ टेकली की सकाळ.”